लाल दोऱ्याची मेलोंचेल्ला

मार्चमध्ये माझ्या नवऱ्याचं, पांतालेओचं, उजवं अंग गेलं आणि शेत माझ्या गळ्यात पडलं. शेत म्हणजे फार काही नाही. ऑलिव्हची वठलेली झाडं आणि घरामागे लाल मातीचा एक तुकडा. पण त्या तुकड्यात मेलोंचेल्ला लावायच्याच, असा नवऱ्याचा हट्ट. दिसायला काकडी, जात खरबुजाची, अंगभर लव. कोवळी असताना फडक्यानं पुसून सालासकट खायची. उन्हाळ्यात ताटात ती नसेल तर आमच्याकडे जेवण झालंसं वाटत नाही. त्यात हे बी त्याच्या आजोबांपासूनचं. बाजारचं बी आणते म्हटलं असतं तर त्यानं पडल्या पडल्या मला घराबाहेर काढलं असतं.

पलंगावरून हुकूम सुटायचे. चार पानं झाली की शेंडा खुड. पाणी बेतानं घाल. आणि वेलावर पहिलं सुबक फळ धरलं की त्याच्या देठाला लाल दोरा बांध. दोऱ्याच्या फळाला कुणी हात लावत नाही. ते पिवळं होऊन आपसूक गळलं की त्यातलं बी पुढच्या वर्षाचं. घरात उपास पडला तरी दोऱ्याचं फळ खायचं नसतं, हे सासूनं मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं.

मी एकोणसत्तर वर्षांची आहे. सकाळी त्याला उठवायचं, धुवायचं, भरवायचं, मग वाकून खुरपायचं. पहिली पेरणी उंदरांनी खाल्ली तेव्हा बाटलीत उरलंसुरलं बी मी सगळं पेरून टाकलं. खरं सांगते, त्या वेलांचा मला वीट आला होता. नवऱ्याचाही थोडा आला होता.

जुलैत दक्षिणेचा गरम वारा सुटला तो आठ दिवस थांबला नाही. वेल करपले. एक तेवढा तगला, आणि त्यावर एकच फळ, दोऱ्याचं. त्याच दिवसांत पांतालेओनं अन्न सोडलं. सूप तोंडाशी नेलं की दात घट्ट मिटून घ्यायचा. असंच चाललं तर महिना काढणार नाही, असं डॉक्टरीणबाई मला दाराबाहेर नेऊन म्हणाल्या. आठवडाभर मी चमचा घेऊन त्याच्यापुढे बसत होते. मग एका दुपारी तो स्वतःहून म्हणाला, "मेलोंचेल्ला दे."

सुरी घेऊन मी वेलापाशी उभी राहिले. हे फळ तोडलं तर बी संपलं, आजोबांपासूनचं सगळं संपलं, आणि तेही माझ्या हातानं. पण माणूसच गेला तर बी कुणासाठी राखायचं? मी फळ तोडलं. दोरा सोडवून एप्रनच्या खिशात टाकला. त्यानं अख्खं फळ खाल्लं, वर तेलात भिजवलेला पाव खाल्ला, आणि हनुवटी पुसून घेताना म्हणाला, उद्या अजून एक दे. मी हो म्हणून बसले.

आता उद्याचं कुठून आणायचं? गावात हे बी आणखी एकाच घरी असणार होतं, आणि त्या घराशी आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. माझी नणंद दोनाता. आमच्या दोघांच्या शेतांमध्ये कमरेएवढा दगडी बांध आहे. अकरा वर्षांपूर्वी तिनं बांधाला लागून गोड खरबुजं लावली. मधमाश्यांनी करायचा तो संकर केला आणि पुढच्या वर्षी आमच्या मेलोंचेल्लांना खरबुजाचा वास आला. पांतालेओनं पाट्या भरभरून ती फळं तिच्या अंगणात फेकली. तीही काही ऐकून घेणारी नव्हे. माश्या काय मला विचारून उडतात, म्हणाली. त्याच्याकडे बाटलीत जुनं बी होतं म्हणून वाण वाचला, पण आईच्या मयतालाही दोघं भावंडं चर्चच्या दोन टोकांना उभी होती.

सकाळी मी बांधाशी गेले. दोनाता वेलांवर ओली पोती पसरत होती, म्हणूनच तिचे जगले होते. मी काही सजवून सांगितलं नाही. दोऱ्याचं फळ तोडून त्याला घातलं, एवढंच म्हणाले.

ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "जेवला?"

"सगळं जेवला."

तिनं दोन कोवळ्या मेलोंचेल्ला तोडून बांधावर ठेवल्या. मागे एका फळाच्या देठाला लाल दोरा दिसत होता. बी ऑगस्टअखेर ने, म्हणाली. माझी नजर मात्र तिच्या शेतात खरबुजं शोधत होती. ते तिच्या लक्षात आलं.

"त्या वर्षानंतर एकही लावलं नाही," ती म्हणाली. "शिव्या कोण खाणार परत?"

अकरा वर्षं आम्ही तिला नावं ठेवत होतो, आणि अकरा वर्षं ती आमचं बी राखत होती. मला इतकी लाज वाटली की आभार मानायचेही सुचले नाहीत.

दुपारी पांतालेओनं पहिला घास बराच वेळ चावला. "ही आपली नाही."

"दोनाताची आहे."

दुसरी फोड त्यानं स्वतःच डाव्या हातानं उचलली. "कालची दोऱ्याची होती," तो म्हणाला. "आतलं बी टणक व्हायला लागलं होतं. जिभेला कळलं."

"कळलं होतं तर खाल्लीस कशाला?"

"भूक लागली होती."

मी ताट उचलायला लागले तशी त्यानं माझं मनगट धरलं. त्याचे डोळे भरले होते, आवाज मात्र नेहमीसारखाच खाष्ट.

"दोनाताला सांग, शेंडा उशिरा खुडते ती, चवीवरनं कळलं. चौथ्या पानावर खुडायचा. बापानं शिकवलेलं विसरली म्हणावं."

माझे पाय भरून आले होते. तरी मी ताट खाली ठेवलं आणि निरोप घेऊन पुन्हा बांधाकडे निघाले.