बांधावरची फेरी

वडील गेले त्याच्या पंधराव्या दिवशी अर्ज-खतं लिहून देणारे अर्जनवीस नानाजी स्टँपचा कागद घेऊन मळ्यात आले. सोबत शेजारच्या ताजबी होत्या, काठी टेकत.

"म्हातारी आज तयार हाये," नानाजी म्हणाले. "तुह्या बापानं मले दोन साल फिरवलं, पोरी. तू नको फिरवू. अंगठा घे अन् विहीर तुही."

त्या साली, अडतीस साली, आमच्या विहिरीने माघातच तळ गाठला होता. वांग्याचे वाफे ताजबींच्या विहिरीवर जगत होते. ती दुसऱ्या कोणी घेतली असती, तर मळा उरला नसता. आणि मळ्यावाचून वडिलांचं आता माझ्याजवळ काही नव्हतं.

जमीन घेताना वडील कागदाआधी विकणाऱ्याला बांधावरून फिरवत आणि चारही बाजूंना कोण आहे ते त्याच्याच तोंडून ऐकत. दोन वर्षांपूर्वी ताजबींनी तीन बाजू बरोबर सांगितल्या. चौथीकडे लालसिंगचं पडीक रान होतं. त्या म्हणाल्या, "इकडं दिलावरनं खरबुजं लावली." दिलावर, त्यांचा नवरा, वीस वर्षांपूर्वी वारला होता. वडिलांनी कागदाची घडी केली आणि त्यांना हात धरून घरी पोचवलं.

मीही त्यांना त्यांच्या विहिरीच्या रानाभोवती फिरवलं. पूर्वेला नाला. उत्तरेला गाडीवाट. "हे इंद्रभानची वांगी," त्या आमच्या वाफ्यांकडे बघून वडिलांचं नाव घेत म्हणाल्या. चौथ्या बांधावर त्या थोडं थांबल्या.

"लालसिंगचं पडीक."

"चारी बरोबर!" नानाजी शाईची डबी उघडत म्हणाले. "कायदा अजून काय मागते?"

ताजबींनी अंगठा पुढे केला आणि मागे घेतला. "इंद्रभानले बोलाव ना. त्याच्याबिगर मी अंगठा देत नाही."

वडील गेले त्या दिवशी याच बाई संध्याकाळपर्यंत त्यांच्या पायाशी बसून रडल्या होत्या.

"ते मालेगावच्या बाजाराले गेले, खाला," मी म्हटलं. ताजबींना मी मावशी मानून खालाच म्हणत असे.

"मंग थांबतो मी." त्या बांधावरच बसल्या.

मी नानाजींच्या हातातून डबी घेऊन बंद केली. "साधा कागद काढा. केनवडले खालाच्या भाच्याले लिहा, फय्याजले. म्हणा, यांच्याजवळ येऊन राह्य."

"अन् विहीर?"

"त्यायची हाये."

नानाजी पुटपुटत कागद शोधू लागले. ताजबी वाटेकडे बघत होत्या.

"उशीर लागन काय गं त्याले?"

"लागन," मी म्हटलं, आणि त्यांच्याजवळ बसले.