बेगमला घरी ठेवलं

मला त्या गोऱ्या मडमेचा अजून राग येतो. मेली विलायतेला परत निघाली, पलंग विकला, कुत्रा मैत्रिणीला दिला, आणि मांजर घातलं आमच्या बद्रुद्दीनच्या टोपलीत. का, तर हा गरीब शिंपी देवळालीच्या छावणीत तिचे झगे शिवायला जायचा. नाही म्हणायची त्याची टाप होती का?

बद्रुद्दीनचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. टोपली उघडली तशी अख्खी गल्ली गोळा झाली. पांढरंशुभ्र, नाक चपटं, आणि केस? अगं बाई, कापसाची गादी फोडल्यासारखे! "मेम म्हणाली, इराणी जात आहे. रोज विंचरा, हातानं भरवा, एकटी सोडू नका," त्यानं सांगितलं आणि स्वतःच पोट धरून हसला. आम्हीही हसलो. जात माणसाला असते, म्हशीला असते, आंब्याला असते. मांजराला कसली आलीय जात? मांजर ते मांजर.

हसली नाही ती एकटी गुलजारबी, त्याची बायको. तिची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, आणि पुढं काही झालं नाही. तिनं त्या मांजराला जे उचललं ते खाली म्हणून ठेवलं नाही. नाव ठेवलं बेगम. उन्हाला बसून फणीनं तिचे केस विंचरायची, शिजवलेलं मटण बोटांनी बारीक करून भरवायची. एकदा माझ्यादेखत उंदीर त्या मांजराच्या नाकासमोरून गेला. बेगमनं नुसतं बघितलं आणि तोंड फिरवलं.

"गुलजारबी, तुझी बेगम उंदराला सलाम करते गं!" मी म्हटलं.

"लंकाबाई, नजर नका लावू माझ्या लेकराला," ती म्हणाली, आणि खरंच तिनं मीठ ओवाळून टाकलं.

त्याच हिवाळ्यात गल्लीत उंदीर मरून पडले. तीस साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती, प्लेग पहिल्यासारखा राहिला नव्हता. पण आईबापांनी बघितलेलं आम्ही ऐकलं होतं. उंदीर पडला की पुढ्यातलं ताट सोडून उठायचं आणि गावाबाहेर झोपड्यांत जायचं. आम्ही द्वारकेच्या नाक्यापलीकडच्या मळ्यात चटयांच्या झोपड्या घातल्या. भांडी गेली, अंथरुणं गेली, कोंबड्यासुद्धा गेल्या. मांजर मात्र कुणी नेत नसे. कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. माणसं गेली की ते उंदीर खातं, घर राखतं, आणि आपण परतावं तर उंबऱ्यावर लठ्ठ होऊन बसलेलं असतं. आमच्या आज्यांची मांजरं तशीच राहिली, आमचीही तशीच राहायची.

गुलजारबीनं बेगमला बुरख्याखाली घेतलं होतं. बद्रुद्दीननं काढून घेतलं. माणूस वाईट नव्हता हो. म्हणाला, "अगं, मळ्यात कुत्री आहेत, फाडतील तिला. इथं घर भरून उंदीर आहेत. मजेत राहील." सगळ्या गल्लीनं हेच सांगितलं. मग तिनं परातीत पाणी ठेवलं, मूठभर सुकट ठेवली, बेगमला जाता-येता यावं म्हणून खिडकी उघडी टाकली, आणि रडत रडत कुलूप लावलं.

मळ्यात तिला अन्न गोड लागेना. आमच्यातला गोटीराम रस्त्याचे कंदील लावायला रोज गावात जायचा. ती त्याच्या वाटेत जाऊन बसायची.

"आहे ना हो?"

"आहे म्हणजे? खिडकीत बसलीय! ही एवढी फुगलीय! गल्लीतले समदे उंदीर तिनंच खाल्ले बघा."

गुलजारबी हसली. पोटभर हसली. त्या दिवशी जेवली, रात्री झोपली. मग रोज तेच. बेगम कुठं? खिडकीत. कशी आहे? गुबगुबीत. गोटीराम खोटं बोलत नव्हता, त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं.

साथ लवकर आटोपली. आम्ही परतलो, तर माझं गावठी मांजर कौलावरून उडी मारून पायात आलं, जाड झालेलं. मी म्हटलं, "चल, तुझी बेगम बघू."

बेगम खिडकीतच होती. उठली नाही. गुलजारबीला बघून तिनं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. गुलजारबीनं धावत जाऊन तिला उचललं, आणि तिचा चेहराच उतरला. तिनं ते मांजर माझ्या हातात दिलं.

"लंकाबाई, हिच्यात मांजरच नाही हो."

खरंच नव्हतं. नुसते केस. जट होऊन वाकळेसारखे झालेले, आणि आत बोटांना लागत होत्या फासळ्या. परात कोरडी पडली होती. घरात उंदरांनी पिठाचं गाडगं उलथवलं होतं, आमच्या देखत एक उंदीर चुलीमागं गेला. खिडकी उघडी होती, पण बेगम बाहेर उतरली नव्हती. तिला आयुष्यात कुणी शिकार करू दिली नव्हती, तिला कुठनं येणार?

गुलजारबीनं बोट दुधात बुडवून तिच्या तोंडाला लावलं. तिनं एकदा चाटलं, दोनदा चाटलं. दुपारी मांडीवरच गेली.

बद्रुद्दीन पायरीवर बसला होता. "मेमनं सांगितलं होतं," एवढंच म्हणत होता, "मला सांगितलं होतं." शेजारची वत्सलाबाई समजूत घालायला आली. म्हणाली, "नको रडू. वणीला माझ्या बहिणीकडं चार पिल्लं आहेत, एक आणून देते." अशी आग झाली माझ्या अंगाची! मी तिला हाताला धरून बाहेर काढली.

गुलजारबी मात्र रडत नव्हती. फणीनं त्या मेल्या जिवाची जट सोडवत होती, हळूच, ओढ बसू नये म्हणून.

"ती तिथं बसून माझी वाट बघत होती, लंकाबाई," ती म्हणाली. "आणि तिकडं मळ्यात मी खूश होत होते."