तीन अंश जास्त

थर्मामीटर फुटला त्यात सुनेची चूक एवढीच, की तिने ओल्या दगडावर पाय ठेवला. खरी चूक तिने त्याच संध्याकाळी केली, आणि ती तिच्यासारख्या नेटक्या बाईलाच जमावी अशी होती. तिने नवा, अगदी अचूक थर्मामीटर विकत आणला.

सून चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. पाव नंबर इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं, हे तिने बारा वर्षं पाहिलं होतं. मोजायचं तर नीट, नाहीतर मोजूच नये, असा तिचा खाक्या. सासूचा सगळा जीव तळ्यात. घराच्या मागच्या दारापासून चौसष्ट पायऱ्या उतरल्या की तळं, आणि या पायऱ्या चौतीस वर्षं रोज चढून-उतरून सासूने आपले दोन्ही गुडघे त्या तळ्याला वाहिले होते. आता ती मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसे आणि वरूनच पाण्यावर लक्ष ठेवी. रविवारी नणंद तिला आपल्याकडे न्यायला गाडी घेऊन येणार होती. तिच्या शहरात घर तळमजल्यावर, दवाखाना हाकेच्या अंतरावर, आणि पाणी म्हणाल तर नळाला.

सासूने जाण्याला नाही म्हटलं नाही. तिने एकच अट घातली होती.

"लग्न बघून जाईन," ती म्हणाली.

हे लग्न माणसांचं नव्हे. वसंतात तळ्याचं पाणी एका ठरावीक उबेला आलं, की तांबूस पाठीचे मोठमोठे कार्प मासे खोल पाण्यातून निघून उथळातल्या बोरूच्या, उंच पाणगवताच्या, बेटात अंडी घालायला येत. एकच दिवस, फार तर दीड. सासूइतकी गळाची शौकीन बाई त्या किनाऱ्यावर दुसरी नव्हती, पण त्या दिवशी ती गळाला हात लावत नसे. "लग्नघरात कोणी गळ टाकतं का?" असं म्हणून ती नुसती काठावर बसून बघायची. सुनेने हे कधी पाहिलं नव्हतं. त्या वेळेला ती नेमकी दुकानात असे, आणि खरं सांगायचं तर माशांचं लग्न बघायला रजा टाकावी असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

सासूचं सगळं शास्त्र एका मेणकापडाच्या वहीत होतं. तारीख, वारा, पाणी, मासे. ‘पाणी नऊ. मासे खोलात, सुस्त. गळ तळाशी, हलवू नये. आमिष नखाएवढं.’ ‘पाणी चौदा. दुपारनंतर उथळात. तीन दिवस एकच वारा, तो जिकडे लोटतो त्या काठाला.’ ‘पुन्हा गारठा. सगळे परत खोलात.’ आणि दरवर्षी एका पानावर फक्त चार शब्द: ‘पाणी वीस. आज लग्न.’ तारखा पुढेमागे व्हायच्या, कधी बारा-बारा दिवसांनी. वीस मात्र कधी हललं नव्हतं.

म्हणून या वसंतात सुनेकडे मोजायचं काम आलं. सकाळी दुकानात जाण्याआधी खाली जायचं, धक्क्याच्या तिसऱ्या खांबाशी थर्मामीटर दोरीने हातभर खोल सोडायचा, शंभर अंक म्हणायचे, आकडा वाचायचा आणि वर येऊन सांगायचा. पाचव्याच दिवशी तो लाल रेषेचा जुना थर्मामीटर दगडावर आपटून गेला. सासऱ्यांनी आणलेला होता तो. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती. सुनेने तुकडे रुमालात गुंडाळून भिंगांच्या रिकाम्या डबीत ठेवले, संध्याकाळी स्टीलचा, पॉइंटच्या पुढेही आकडा दाखवणारा थर्मामीटर आणला आणि मूग गिळून बसली. जाता जाता म्हातारीच्या मनाला कशाला टोचणी, हा हेतू. आकडा तर बरोबर येतोय ना!

"आज किती?"

"अकरा, आई."

"अकराच?" सासूने भुवया वर केल्या आणि लिहिलं.

आता टपालवाल्याला मध्ये आणायला हवं. हा रोज दहाच्या सुमाराला पत्रं देई, आणि पत्रं नसली तरी येई, कारण त्याला विचारायचं असे, "आज कुठे टाकू?" आसपासचे चारजण सासूच्या शब्दावर जागा धरत. "अकरा म्हणजे अजून खोलात आहेत रे. जुन्या पंपघरापुढे जा, तळाशी सोड, घाई करू नकोस." टपालवाला गेला आणि हात हलवत आला. दुसऱ्या दिवशी तेच. पंधरा दिवस तेच. आणि तिकडे बेकरीवाला, ज्याला माशातलं ओ की ठो कळत नव्हतं, तो आपल्या सोयीचा म्हणून उथळ काठ धरून बसायचा आणि रोज एक मासा घरी न्यायचा.

टपालवाला मोठा भला माणूस. त्याने काही बोलून दाखवलं नाही. फक्त नंतर नंतर विचारणंच सोडलं. पत्रं द्यायची, हवापाण्याचं बोलायचं आणि जायचं. ते सासूला जास्त लागलं.

"विलोच्या झाडाला पानं फुटलीत," ती दाराशी बसून म्हणायची. "पाकोळ्या आल्यात. बेडकांचा गोंधळ उरकला. हे सगळं झालं की पाणी पुढे असतं गं. तू बरोबर बघतेस ना?"

"पॉइंटच्या पुढचा आकडासुद्धा बघते, आई."

तिथे कान टवकारायला हवे होते, पण सासूचं मन दुसरीकडेच वळलं. तिचा सुनेच्या मोजण्यावरचा विश्वास काही ढळेना, ढळला तो स्वतःवरचा. चौतीस वर्षांत पाकोळ्या आणि पाणी असे फटकून वागले नव्हते, म्हणजे आपलीच आठवण उलटसुलट झाली असणार, असं ती धरून चालली. ती वहीची जुनी पानं चाळायची, बोट ठेवून ओळी वाचायची. जेवणात तिचं लक्ष नसे. तेरा. चौदा. पंधरा. सोळा. आकडे चढत होते, पण रविवार त्यांच्यापेक्षा वेगाने येत होता.

शनिवारी सुनेची सुट्टी होती. नवरा बसच्या पहिल्या पाळीवर गेला होता. वारा पडलेला, ऊन स्वच्छ. तिने नऊ वाजता आकडा आणला.

"सतरा, आई."

 पेनाला टोपण लावून सासूने वही मिटली आणि सुनेपुढे धरली.

"ही रद्दीत टाक."

"आई!"

"अगं, वीस यायला अजून आठवडा लागेल. मी असणार नाही. आणि त्याचंही एवढं नाही. लग्नं चौतीस पाहिली, एक राहिलं. पण मी त्या बिचाऱ्याला पंधरा दिवस चुकीच्या जागी बसवलं. मला वाटत होतं गुडघेच गेलेत. डोकंही गेलं. तुझ्या नणंदेला सांग, बरं झालं वेळेवर नेतेय."

हे ती रडून बोलली असती तर सुनेला सोसलं असतं. पण ती हिशोब मिटवावा तशा सुरात बोलली. तिला कळलं नव्हतं आपण नेमकं काय बिघडवलंय, पण बिघडलंय आणि आपल्याच हातून, हे तिला त्या क्षणी पक्कं वाटलं. ती आत गेली, भिंगांची डबी आणली आणि सासूच्या मांडीवर उघडी ठेवली.

"फुटला, आई. तीन आठवडे झाले. मी नवा आणला. चांगला आहे, अगदी अचूक आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

सासू काचेच्या तुकड्यांकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. सुनेची पाचावर धारण बसली. जवळ जाऊन बघते तर म्हातारी हसत होती.

"अचूक आहे म्हणे! अगं माझे बाई, हा मेला जन्मापासून तीन जास्त दाखवायचा."

"तीन जास्त?"

"तीन. यांनी घासाघीस करून आणलेला, कसा असणार? दवाखान्यातल्याशी ताडून बघितला होता मी. खोटं बोलायचा, पण रोज तेवढंच खोटं बोलायचा. असल्या माणसाशी संसार होतो गं!"

"मग बदलला का नाहीत?"

"तोवर चार वर्षांची वही त्याच्यावर लिहून झाली होती."

सून अकरात तीन मिळवू लागली. चौदा. म्हणजे बेकरीवाला योग्य जागी होता. म्हणजे पाकोळ्या बरोबर, बेडूक बरोबर, सासूही बरोबर. म्हणजे आज, सतरा आणि तीन...

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"अगं, आज लग्न आहे!" सासू ओरडली. "आणि मी घरच्या झग्यात!"

त्याच वेळी टपालवाला दाराशी आला, हे त्याचं दुर्दैव. सुनेने त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला अडकवली आणि त्याला खुर्चीचे पुढचे पाय धरायला लावले. मागून पाठ तिने धरली. चौसष्ट पायऱ्या. टपालवाला उलटा उतरत होता, सासू वरून "डावीकडे, डावीकडे, ती पायरी हलते" असं सांगत होती आणि मांडीवर वही घट्ट धरून बसली होती. चाळिसाव्या पायरीवर सुनेच्या दंडांना कंप सुटला. "टेकवू का जरा?" तिने विचारलं.

"थांब. बोलू नका," सासू म्हणाली. "ऐका."

खालून आवाज येत होता. ओलं जाड कापड कोणी दगडावर आपटावं तसा, एकदा, मग दोनदा, मग थांबेचना. सुनेने खुर्ची टेकवलीच नाही.

धक्क्याला वळसा घालून त्यांनी खुर्ची बोरूच्या कडेला नेली, पार पाण्याच्या काठाला टेकवली, आणि मग सून वळली.

उथळ पाणी उकळत होतं. म्हणजे तिला आधी तसंच वाटलं. मग त्यात पाठी दिसू लागल्या. हाताएवढ्या, काही तर लहान मुलाएवढ्या लांब, तांब्याच्या, पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या, खवला खवला वेगळा दिसावा इतक्या जवळ. एक भली थोरली मादी पुढे आणि तिला दोन्ही अंगांनी रेटणारे चार-पाच नर, असे घोळकेच्या घोळके बोरूत घुसत होते आणि त्यांच्या धक्क्यांनी बोरू मुळापासून हादरत होता. वारा नव्हता, तरी सगळं बेट हलत होतं. शेपट्यांचे फवारे डोक्यावर उडत होते. आणि हे इथेच नव्हे, जिथवर नजर जाईल तिथवर, सगळ्या काठाने.

हिवाळाभर हेच तळं तिने वरून पाहिलं होतं. बर्फाखालचं, पांढरं, मुकं. हे एवढे जीव त्याच्या तळाशी न हलता पडून होते. त्यांना कोणी तारीख सांगितली नव्हती. सतरा आणि वीस यांचा घोळ फक्त वरच्या घरात झाला होता. पाणी हवं तेवढं ऊबदार झालं, आणि ते निघाले.

टपालवाल्याने टोपी काढून हातात धरली होती. सुनेच्या लक्षात आलं की आपण चपला घालूनच पाण्यात उतरलोय. गुडघ्याला एक जड अंग घासून गेलं, मग दुसरं. त्यांना तिची पर्वाच नव्हती. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटलं. बोरूच्या देठांवर रव्यासारखे पिवळसर दाणे चिकटले होते, एकेका देठावर शेकडो. बारा वर्षं भिंगातून बारीक बघायची सवय असलेल्या तिला एकेका दाण्यातली चमक दिसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आई," ती वळून म्हणाली, "तुम्ही मला कधी सांगितलं का नाहीत?"

"दरवर्षी सांगत होते," सासू म्हणाली. "तू दुकानात होतीस."

सासूने खुर्चीतून वाकून हात पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला. तिचा चेहरा इतका निवांत सुनेने कधी पाहिला नव्हता. बऱ्याच वेळाने ती टपालवाल्याला म्हणाली, "पंधरा दिवस तुला पंपघरापुढे बसवलं. माझी चूक नव्हती, बरं का. हिच्या अचूक यंत्राची."

"काही हरकत नाही, मावशी," टपालवाला समोरून नजर न काढता म्हणाला. त्या दिवशीची पत्रं गावाला चार वाजता मिळाली.

ऊन कलल्यावर सासूने वही सुनेकडे दिली. "लिही."

"सतरा अधिक तीन, वीस. वीसच लिहिते ना?"

"वीस त्याच्याबरोबर संपलं. तुझ्या थर्मामीटरने काय सांगितलं?"

"सतरा."

"मग सतरा लिही. आता वही तुझी."

सुनेने ओल्या हाताने लिहिलं, ‘पाणी सतरा. आज लग्न.’ तिचं अक्षर सासूच्या अक्षराखाली फारच नेटकं दिसत होतं.

"उद्या मी जाणार," सासू म्हणाली. "पुढच्या वर्षी सतरा झालं की मला फोन कर. बोलावणं आल्याशिवाय मी कुठल्या लग्नाला जात नाही."

"करेन, आई. सोळाला करेन. यायला एक दिवस लागतो."

सासूने मान हलवली. मग टपालवाला खुर्ची उचलायला वाकला, तशी ती काठीवर भार देऊन, सुनेचा खांदा धरून उभी राहिली.

"खुर्ची राहू दे इथेच," ती म्हणाली. "मला धरून चढवा."