आरशापर्यंत

“होय की नाही, एवढंच तर लिहायचंय, काका.” अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला. “एक फुली, खाली सही. तोवर खोलीत कुणी येणार नाही. नियम तुमचाच आहे. आणि तसंही, सगळे म्हणतायत बसताईच घुसली.”

दार बंद झाले. काटेकाकांनी पेनाचे टोपण काढले आणि पुन्हा लावले.

नियम खरेच त्यांचा होता. एकोणीस वर्षांपूर्वी हौशी लोकांचा हा मोटार-शर्यतीचा क्लब सुरू झाला, तेव्हा गाड्या धडकल्या की माणसेही धडकायची. जो तो म्हणे, वळण माझे होते. काका ट्रकच्या वजनकाट्यावर कारकून. त्यांना असले मोघम बोलणे सोसत नसे. त्यांनी तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी एक आडवी पांढरी रेघ ओढली आणि शेंबड्या पोरालाही कळेल असा नियम बसवला. पुढची गाडी रेघेवर आली, त्या क्षणी मागच्या गाडीचे नाक तिच्या बाजूच्या आरशापर्यंत पोचलेले असेल, तर पुढच्याने आतून एका गाडीपुरती जागा द्यायची. नाही दिली तर दोष त्याचा. नाक आरशापर्यंत पोचलेले नसेल, तर मागच्याने निमूट मागे राहायचे. घुसला तर दोष त्याचा. रेघेसमोर घडीची खुर्ची टाकून, डोळ्यांत तेल घालून काका बसत. दर शर्यतीच्या सकाळी रेघेला नवा रंगही तेच देत.

‘नाक आरशापर्यंत होते का?’ एवढाच प्रश्न, आणि कागदावर चौकोन दोनच. होय आणि नाही. तिसराही असावा, असे तेव्हा कुणीतरी सुचवले होते. “ज्याला दिसत नाही, त्यानं त्या खुर्चीवर बसूच नये,” काका म्हणाले होते, आणि सगळे हसले होते.

आज त्यांना दिसले नव्हते.

डांबरावरून दुपारचे ऊन उसळत होते. पुढे लाल गाडी, दातांच्या डॉक्टरांची. मागे निळी, बसताईची. ती आठवडाभर शाळेची बस चालवायची; मुलांनी ठेवलेले नाव क्लबातही रुळले होते. रेघेपाशी लाल आणि निळा एकमेकांत कालवल्यासारखे झाले, भोवती उन्हाचे पिंजारलेले कडे, आणि मग आवाज. आवाज मात्र अगदी स्वच्छ होता. लाल गाडी टायरांच्या ढिगावर चढून आडवी झाली. डॉक्टरांच्या खांद्याचे हाड मोडले. त्यांना दवाखान्यात नेले. त्यांच्या गाडीतला कॅमेरा पुढे बघणारा, बसताईचा धडकेतच कार्डासकट चिरडलेला. बघे पलीकडच्या उतारावर. तिथून रेघ दिसत नाही. उरले काका.

थंडीपासून हे असे चालले होते. आधी दिव्यांभोवती कडी दिसू लागली. मग एकदा चहा कपाच्या बाहेर ओतला गेला. बायकोने फडके आणले, आणि पुसून झाल्यावर म्हणाली, “अहो, दाखवा ना डोळे एकदा. मोतीबिंदूच असेल. हल्ली अर्ध्या तासात काढतात.”

“दाखवले की लिहून देतात. लिहून दिलं की काट्यावर कळतं.”

काट्यावरच्या नोकरीची दोनच वर्षे उरली होती. आकडा वाचायला ते आता पडद्याला नाक टेकवत. “काका, वजन वाचताय की वास घेताय?” ट्रकवाले विचारत. काकाही हसत.

दाराबाहेरच्या बाकावर बसताई होती. दार पातळ होते.

“आई, मला खरंच काही लागलं नाही गं... नाही, शाळेत अजून कळलं नाही... अगं, माणूस जखमी झालाय ना, मग ज्याचा दोष निघेल त्याची नोंद परवान्याच्या कचेरीत जाते... हो. शाळा तेच बघते. बेदरकार म्हणून शिक्का बसलेल्या बाईच्या हाती पोरं कोण देईल?... तू जेवून घे. माझी वाट बघू नकोस.”

काकांनी कागद जवळ ओढला. ‘होय’वर फुली मारली तर पोरीची बस वाचेल. पण हात गळ्यात बांधून पडलेल्या डॉक्टरांवर न पाहिलेला दोष बसेल. ‘नाही’वर मारली तर आता दहा मिनिटांत घरी जाता येईल, आणि काटेकाकांची नजर म्हणजे नजर, असे लोक पुन्हा म्हणतील. ट्रक काट्यावर चढल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एकदाही पावती फाडली नव्हती. ओळखीच्या ट्रकचीसुद्धा, अंदाज बिनचूक असतानासुद्धा.

एकदाही नाही?

गेल्या महिन्यातला वायरमन. याच वळणावर त्याने एकाला ठोकले होते, आणि काकांनी ‘नाही’वर फुली मारली होती. वायरमन उरलेल्या हंगामासाठी बाहेर गेला. “काका, नीट आठवून बघा ना,” तो दोनदा म्हणाला होता. तेव्हा तरी नाक आणि आरसा दिसला होता का? काकांनी डोळे मिटून पाहिले. एक पांढरा ठिपका, एक हिरवा. बाकी सगळे त्यांनी मनानेच भरले होते. फुली मारताना हात जरासुद्धा थरथरला नव्हता, याचीच त्यांना आता सगळ्यात जास्त भीती वाटली.

चष्म्याच्या डबीची कड धरून त्यांनी दोन चौकोनांखाली तिसरा काढला. शेजारी लिहिले : दिसले नाही. फुली मारायला चौकोन शोधावा लागला. मग सही केली आणि दार उघडले.

अध्यक्षांनी कागद दोनदा वाचला. “हे काय काढलंत?”

“चौकोन.”

“ते कळलं हो! दिसले नाही म्हणजे काय?”

“मोतीबिंदू आहे. थंडीपासून.”

“हळू बोला!” अध्यक्षांनी बाकाकडे पाहिले. “अहो, हौशी क्लब आहे, कोर्ट नाही. कुणाला कळणार होतं?”

“कुणालाच नाही. म्हणून तर. आता गेल्या महिन्यातला वायरमनचा कागद काढा.”

“तो कशाला उकरताय? एकोणीस वर्षांचं नाव मातीत जाईल तुमचं.”

“काढा हो.”

अध्यक्ष पुटपुटत कपाटाकडे गेले. बसताई दाराशी येऊन उभी राहिली होती. हेल्मेट अजून हातातच. “मग माझं काय?”

“साक्ष नाही, तर दोषही नाही. कुणावरच,” कपाटात डोके घालूनच अध्यक्ष म्हणाले. “शर्यतीतला अपघात म्हणून मिटवायचं. जा घरी.”

ती चौकटीला टेकली. म्हणाली, “पण काका, मी होते आरशापर्यंत. आरशात डॉक्टरांचे डोळे दिसले मला.”

“असशील, बाई.”

“असशील काय! होते. तुम्ही समोर होतात.”

“समोर होतो,” काका म्हणाले. ती हेल्मेट काखेत मारून निघून गेली.

वायरमनच्या कागदावरही त्यांनी चष्म्याच्या डबीने चौकोन काढला. जुनी फुली खोडली, तारीख घातली, सही केली. दोन्ही सह्या एकसारख्या आल्या नाहीत.

उद्या काट्यावर त्यांच्या आधी बातमी पोचणार होती. या क्लबात तीन ट्रकवाले होते.

मैदान रिकामे झाले होते. खुर्ची वळणाच्या पलीकडे राहिली होती, म्हणून ते आणायला गेले. ऊन कलले होते. डांबर, गवत, आकाश सगळे एकाच रंगाचे. खुर्चीला गुडघा लागला तेव्हा ती सापडली. त्यांनी ती मिटून काखेत घेतली आणि परत रस्त्यावर आले. रेघ दिसेना. पण बुटाच्या तळव्याला ती लागली. एकोणीस वर्षांचे थर एकावर एक चढून नाण्याच्या जाडीएवढा उंचवटा झाला होता.

काका जरा थांबले. मग एक पाय त्या उंचवट्यावरून सरकवत, सावकाश, कडेपर्यंत गेले.