मार्शल धरून आठ

"आजोबा, मार्शल कोयचुमान तुमचा कोण लागतो?"

हे विचारून दाखव, अशी पैज वर्गातल्या मुलींनी लावली होती. इतिहासाच्या पुस्तकात मार्शलचा फोटो आहे. "जिबेक, हनुवटी बघ, तुझीच आहे," असं म्हणत त्या आठवडाभर माझ्या मागे लागल्या होत्या. "घाबरलीस!" म्हटल्यावर मला राहवेना.

आजोबा अंगणात लगामाचं चामडं शिवत होते. वर न बघता म्हणाले, "बाप. ते दाभण दे इकडे."

मी दाभण दिलं.

मार्शल म्हणजे ज्याने वीस वर्षं राज्य केलं आणि अर्धं खोरं खाणीत पाठवलं, तो. चौकातला त्याचा पुतळा ट्रॅक्टरने ओढून पाडला. फक्त बूट राहिलेत, त्यांच्यावर बकऱ्या चढतात.

"पण माझ्या सात बापांत तो नाही!" मी म्हटलं. आमच्याकडे पोर बोलायला लागलं की त्याला सात पिढ्यांच्या बापांची नावं पाठ करायला लावतात. माझी यादी अशी: एसेन म्हणजे माझे बाबा, मग शारशेन म्हणजे हेच आजोबा, मग मोल्दोबाय, आणि असं करत सातवा ताश्तेमिर.

"मोल्दोबाय माझे आजोबा," ते म्हणाले. "पहिलं नातवंड आजी-आजोबा आपलं म्हणून ठेवून घेतात, तसं मला ठेवलं. मी त्यांना बाबा म्हणायचो आणि कोयचुमानला दादा. पुढे दादा मार्शल झाला. मग ही यादी दुरुस्त करायच्या भानगडीत कोण पडणार?"

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग धावत ताईकडे गेले.

कारण असं होतं, की गेल्या आठवड्यात बुरमाताईचं लग्न मोडायला आलं होतं. नवऱ्या मुलाच्या, म्हणजे बायिशच्या, आईने तिच्या कानात साखरपुड्याच्या कुड्या घातल्या, मेंढा कापला, सगळं झालं. जेवताना बायिशचे आजोबा, कासिमआजोबा, रीतीप्रमाणे म्हणाले, "एसेन, होऊन जाऊ दे नावं." बाबांनी नावं घेतली. ताश्तेमिरपाशी कासिमआजोबांनी वाटी खाली ठेवली. ताश्तेमिर त्यांच्या घराण्यातही होता. त्यांच्याकडून मोजला तर आठवा, म्हणून त्या बाजूने अडचण नव्हती. आमच्याकडून सातवा. आणि सातात मूळपुरुष एक निघाला, तर मुलगा-मुलगी बहीण-भाऊ. लग्न नाही.

"ताई, तो सातवा नाहीच! मध्ये मार्शल राहिलाय. ताश्तेमिर आठवा!"

ताई शिलाई मशीनवर होती. तिने चाक थांबवलं, कानातली कुडी चाचपली.

"म्हणजे मला नवरा मिळायला मार्शल हवा," ती म्हणाली. "शाब्बास."

संध्याकाळी शेवया वाढून झाल्यावर मी सगळं बाबांसमोर सांगून टाकलं. बाबांना ते माहीत होतं. आईलाही होतं. म्हणजे घरात फक्त आम्हा दोघींनाच माहीत नव्हतं!

"ते नाव घ्यायचं नाही," बाबा म्हणाले.

"अहो, पोरीचं लग्न आहे," आई म्हणाली.

"कासिमचे दोन भाऊ त्याच्या खाणीत मेले. परत आल्या त्या नुसत्या त्यांच्या टोप्या. तिला बहीण म्हणून नाकारतील, तर निदान वाटेत भेटल्यावर बोलतील तरी. मार्शलची पणती म्हणून नाकारलं तर?"

"तर खऱ्या कारणाने नाकारतील," ताई म्हणाली. "आत्ता बायिश मला वाटेत 'ताई' म्हणायच्या बेतात आहे."

आई हसली.

"तुम्हीच सांगा ना त्यांना," मी आजोबांना म्हटलं.

"मला नको घालू यात. माझ्या तोंडून बाप म्हणून मोल्दोबायच निघणार. ऐंशी वर्षांची सवय आहे." ते पुन्हा शेवयांकडे वळले. "आणि दादा मला खांद्यावर बसवून नदीवर न्यायचा. ते सांगू का कासिमला?"

 

बाबांनी ताट सरकवलं. "विषय संपला. मी तिथे जाऊन ते नाव घेणार नाही. आणि नावं घरातल्या मोठ्याने घ्यायची असतात."

मी ताईकडे पाहिलं. तिने होकाराची मान हलवली, अगदी थोडी.

"मग बाबा, ऐका," मी उठून उभी राहिले. "आई, तूही ऐक. उद्या मी शाळेत जाणार नाही. ताईबरोबर कासिमआजोबांकडे जाणार. नावं मी घेणार आणि तिसऱ्या जागी कोयचुमान म्हणणार. मग ते जे बोलतील ते उभ्याने ऐकून घेणार. तुम्हाला यायचं असेल तर या."