कागदावरचा वायरमन

थोरलीचं इलेक्ट्रिकलचं शेवटचं वर्ष होतं. वर्गातल्या पोरी नोकरीच्या मुलाखतींसाठी घोकंपट्टी करत होत्या, आणि ही मशीन लॅबमध्ये मोटर चालू ठेवून तिच्याशेजारीच कायद्याच्या प्रवेश परीक्षेचे प्रश्न सोडवत बसायची. आई म्हणायची, दोन डगरींवर हात ठेवशील तर मधल्या मध्ये आपटशील. थोरली म्हणायची, आपटले तर उठेन. हट्टीपणात ती बापावर गेली होती, आणि बापासाठीच तर हे सगळं चाललं होतं.

बाबा एका गिरणीत वायरमन होते. गोदामाला आग लागली, चौकशीच्या अहवालात 'शॉर्ट सर्किट, वायरमनचा हलगर्जीपणा' एवढं लिहिलं गेलं आणि बाबा घरी बसले. मालकाने जुनाट केबलवर दुप्पट लोड टाकला होता. बाबांनी त्याला परोपरीने बजावलं होतं. बाबा कोर्टात गेले, पण त्यांच्या वकिलाला लोड म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, मग तो विचारणार काय, कपाळ? चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. वीज कळणारा वकील हवा होता. तो आपणच व्हायचं, असं थोरलीने तेव्हाच ठरवलं.

तयारी शेजारच्या वकीलकाकू करून घेत. उभा जन्म कोर्टात गेलेला, जीभ फटकळ. परीक्षेत आधी एक नियम देतात, मग घटना. उत्तर त्या दोन्हींतूनच काढायचं. थोरली नेमकी तिथेच अडखळायची. तार पडून माणूस दगावला, जागामालक जबाबदार का, असं विचारलं की हिच्या डोक्यात फ्यूज का उडाला नाही आणि अर्थिंग होतं का! हातचे मार्क तिथेच जायचे, आणि परीक्षा तर तोंडावर आलेली.

"तू बिघाड शोधतेस," काकू म्हणाल्या. "इथे तो शोधायचा नसतो. कागदावर आहे ते खरं धरायचं."

थोरलीने पेन आपटलं. "कागदावरचं खरं धरूनच बाबांना घरी बसवलं ना? मग नकोच मला तुमचा कायदा."

काकूंनी तिला मनसोक्त चिडू दिलं. "तो कागद खोटा पाडायचा तर कोर्टात उभं राहावं लागेल," त्या म्हणाल्या. "तिथे जायची वाट हीच आहे. जमत नसेल तर मोटरीच फिरवत बस."

हे थोरलीला चांगलंच झोंबलं. त्यानंतर प्रश्न वाचण्याआधी ती डोक्यातल्या इंजिनिअरबाईंना वर्गाबाहेर उभं करायला शिकली. बाई सुरुवातीला दार ठोठावत, मग गप्प बसू लागल्या.

परीक्षेत तो प्रश्न आलाच. नियम असा की देखभाल ज्याच्याकडे, नुकसानीला तोच जबाबदार. घटना अशी की गोदाम जळालं आणि देखभाल वायरमनकडे होती. लोडबद्दल अवाक्षर नव्हतं. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. दात आवळून तिने वायरमनवर खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला.

घरी आल्यावर बाबांनी पेपर कसा गेला म्हणून विचारलं. त्यांच्यापासून लपवणं तिला जमेना.

"बाबा, मी एका वायरमनला दोषी ठरवून आले. गोदामाच्या आगीत."

बाबांनी तिला समोर बसवलं. मग म्हणाले, "त्यांच्या नियमाप्रमाणे बरोबर होतं?"

"हो."

"मग आता थांबू नकोस. त्याचं अपील तुलाच चालवायचंय."