पांढऱ्या गाडीवरचं मेण

छप्पर

"सुकलं का रे?" अंकुशशेठ शटरपासून ओरडला.

"होतंय," धम्मपाल म्हणाला.

होतंय म्हटलं की थोडा वेळ मिळतो. त्याने तर्जनी छपराच्या कडेला टेकवली आणि मागे ओढली. मेण सुकलं असेल तर बोटाखाली भुकटी होते. ओलं असेल तर बोट चिकटत चिकटत घसरतं. काळ्या गाडीवर हे डोळ्यांनाही दिसतं. निळ्या गाडीवर, लाल गाडीवर दिसतं. पांढऱ्या गाडीवर पांढरं मेण दिसत नाही. ते बोटालाच कळावं लागतं.

बोटाला काही कळलं नाही.

दुसरं बोट. दुसरा हात.

नाही.

ओल्यावर मशिन फिरवलं तर मेण फरफटतं आणि गाडी उन्हात नेली की रंगावर ढगांसारखे डाग दिसतात. उशीर केला तर ते घट्ट बसतं, मग मशिन दाबावं लागतं, पत्रा तापतो. कडेला रंग पातळ असतो, तो जातो. गेलेला रंग परत येत नाही. आणि पत्रा तापला, हेही हातालाच कळायचं असतं.

मागचं दार

शिरवण्याच्या एमआयडीसीतलं हे वर्कशॉप अंकुशशेठच्या वडिलांनी काढलं. तेव्हापासून धम्मपालच्या हातात पॉलिशचं मशिन आहे. आधी मशिन बंद झाल्यावरही हात थरथरत राहायचे; भाकरी मोडताना, झोपताना. मग एके दिवशी थरथर थांबली. त्याला बरं वाटलं. थरथरीबरोबर बाकीचंही गेलंय, हे नंतर कळलं. चहाचा कप गरम आहे की गार, ते आता तो वाफ बघून ठरवतो. सकाळी शर्टाची बटणं संघमित्रा लावते. "ह्या वयात लाड बघा," असं म्हणते आणि त्याच्या बोटांकडे बघत नाही.

वर्कशॉपमध्ये एकटीला माहीत होतं. गोजराताईला. ती शिरवणे गावातलीच, गाड्या धुवायची, फडक्याने कोरड्या करायची. पांढरी गाडी असली की ती कामाचं निमित्त काढून जवळून जायची, जाता जाता एक बोट फिरवायची. मेण ओलं असेल तर म्हणायची, "काय उकाडा हाय बाय." सुकलं असेल तर म्हणायची, "चल रं, चल." बाहेरच्याला वाटावं, बाई उगाच बडबडते. दोघे यावर कधी एक शब्द बोलले नव्हते.

आज दुपारी तिला फोन आला. सून अडली होती, नेरुळच्या दवाखान्यात नेलं होतं. पदर खोचून ती निघाली, आणि पाच पावलांवरून परत आली.

"धम्मा, आता पोर झालं का मी घरीच. कामाला येनार नाय मी."

"जा ना ताई. इकडचं टेन्शन नको."

"शेठला सांगून टाक रं."

"काय सांगू?"

तिने नुसती स्वतःची बोटं वर धरली, हलवली आणि रिक्षाकडे धावली.

त्या वेळी दारात उभी असलेली गाडी पांढरी होती.

काच

काचेला मेण लावत नाहीत.

इथे थोडं थांबता येतं.

बॉनेट

"किती वेळ अजून, दादा?" गाडीचा मालक, अभिराम नावाचा तरुण, महापेला आयटीत होता. गाडी नवी नव्हती, पण आज आईवडिलांना उलव्याचा फ्लॅट दाखवायला न्यायचं होतं. तो शटरजवळच्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता.

"आरामात बसा, सर," अंकुशशेठ म्हणाला. "आमचा सगळ्यात जुना माणूस तुमच्या गाडीवर टाकलाय."

धम्मपालने खुर्चीकडे बघायचं टाळलं.

ती खुर्ची बाजीरावची. बाजीराव त्याचा उस्ताद. शेवटच्या वर्षी त्याचं मशिन दाराच्या कडेवर घसरलं, रंग उडाला. मोठ्या शेठने शिवी दिली नाही, पगार कापला नाही. दुसऱ्या दिवशी फक्त ती खुर्ची आणून शटरपाशी ठेवली. "बाजीराव, तुमी इथं बसा. गाड्या आत घ्या, बाहेर सोडा." बाजीराव काही महिने बसला. मग उलव्याला एका सोसायटीत वॉचमन लागला. तिथेही खुर्चीच.

"धम्मा, सुकलं का?"

"होतंय."

"मघापासून होतंय काय? लग्न लावतोयस काय गाडीचं?"

त्याने वाकून तिरकं बघितलं. पांढरं. वास घेतला. ओल्या मेणाला रॉकेलसारखा वास असतो, पण शेजारच्या शेडमध्ये रंगाची फवारणी चालली होती आणि सगळ्याच हवेला वास होता. पंखा बॉनेटकडे वळवला. बोट ओढलं. बोटावर पांढरं आलं, पण ते भुकटी की लगदा, ते बोट सांगेना. बोट त्याचंच होतं आणि दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

मशिनला कोरडी, मऊ टोपी चढवली. अंगठा बटणावर ठेवला.

दाबायचं. काय व्हायचं ते…

नाही.

अंगठा काढला.

आणि त्याला बाजीराव आठवला. खुर्चीतला नाही, त्याआधीचा. बॉनेटवर ओणवा झालेला, गाल पत्र्याला टेकवलेला. पोरं शिट्ट्या मारायची: "म्हातारा गाडीचा मुका घेतोय!" शिट्ट्या मारण्यात धम्मपाल पुढे असायचा. बाजीराव रोज गुळगुळीत दाढी करून यायचा, अंगाला तुरटीचा वास यायचा. पोरं म्हणायची, कोणासाठी नटतोस रे? तो म्हणायचा, "हिच्यासाठी," आणि गाडीवर थाप मारायचा.

धम्मपालने मशिन खाली ठेवलं. इकडे तिकडे बघितलं. वाकला. गाल बॉनेटला लावला.

गार.

चिकट.

ओलं होतं. अंगठा दाबला असता तर.

तो तसाच थोडा वेळ वाकून राहिला. पत्र्यात पंख्याची घरघर ऐकू येत होती. गालाला सगळं कळत होतं. मेणाखाली एक बारीक कण राहिला होता, तोसुद्धा.

पुन्हा बॉनेट

"अरे, अरे, अरे!" अंकुशशेठ टाळ्या पिटत आला. "बाजीराव अंगात आला काय रे तुझ्या? सर, बघा, ह्याला म्हणतात प्रेम!"

अभिराम हसला. मोबाइल काढून शूटिंग करू लागला. "दादा, परत एकदा करा ना, मस्त होतं ते."

धम्मपालला परत करायचंच होतं. कण त्याने ओल्या फडक्याच्या टोकाने उचलला, तिथे पुन्हा मेणाचा हात दिला. ते सुकेपर्यंत सावकाश दोन्ही बाह्या सरळ केल्या. मग वाकला. या वेळी गालाखाली कोरडी भुकटी होती, बाळाच्या मानेला पावडर लावतात तशी.

"वहिनींना सांगू का?" अंकुशशेठ म्हणाला.

"सांगा की. तिला माहीत आहे," धम्मपाल म्हणाला, आणि सगळ्यांच्या आधी हसला.

हसता हसताच त्याची नजर खुर्चीकडे गेली. बाजीरावही असाच हसायचा. सगळ्यांच्या आधी.

मग मशिन. घर्रर्र. टोपी गोल फिरत गेली आणि पांढऱ्याखालून पांढरं वर आलं, पण हे दुसरं पांढरं होतं, त्यात शेडचे पत्रे दिसत होते, पंखा दिसत होता, निळी खुर्ची दिसत होती.

छप्पर, दारं, डिकी. प्रत्येक ठिकाणी तो वाकला. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी शिट्टी मारली.

अभिरामने गाडी उन्हात काढली, भोवती फिरला. धम्मपालने शटरमधून तिरकं बघितलं. ढग नव्हता.

"भारी," अभिराम म्हणाला आणि गेला.

रिकामी जागा

संध्याकाळी गोजराताई पेढे घेऊन आली. "नात झाली! लोक बर्फी वाटतात, मी पेढेच वाटनार." त्याच्या तळहातावर पेढा ठेवला आणि थांबली.

"ह्ये काय तोंडाला?"

"काय?"

"मेन सुकून दगड झालाय गालावर. दुपारपासना असाच फिरतोस? कोनी सांगितला नाय?"

"नाही सांगितलं."

तिने कमरेचं फडकं ओलं केलं आणि त्याचा गाल पुसला, गाडी पुसावी तसा, एका दिशेने. मध्येच तिचा हात थांबला. गालाकडे बघितलं, मग त्याच्या बोटांकडे.

"शेठला नाय सांगितलास."

"नाही."

"मंग हे किती दिस चालनार रं?"

धम्मपालने पेढा तोंडात टाकला.

अंकुशशेठने अभिरामकडून घेतलेला व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता. खाली हसण्याची चित्रं येत होती. गोजराताई गेल्यावर धम्मपालचा फोन वाजला. उलव्याचा नंबर.

"धम्मा." मागे गेटचा करकर आवाज. गाडी आत घेतली जात होती बहुतेक. बाजीराव थांबला. माफी मागावी असं धम्मपालला वाटलं, पण कुठल्या कुठल्या शिट्टीची?

"व्हिडिओ बघितला," बाजीराव म्हणाला. "दाढी वाढलीय तुझी. रोज करत जा. खुंट टोचतात रंगाला."

"बरं."

"वस्तरा उलटा फिरवायचा. गालापाशी दोनदा."

"बरं, उस्ताद."

फोन बंद झाला.

आरसा

सकाळी संघमित्राने शर्टाची बटणं लावली आणि म्हणाली, "आज कुठं निघालात नटून?"

त्याने आरशात बघितलं. गालभर पांढरा फेस. वस्तरा हातात आहे की नाही, ते हाताला कळत नव्हतं.

गालाला कळत होतं.